गॅलरी, गंज आणि पोलादाचे तंतू
(दहावी १९९६ च्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय देताना म्हणाले, "तू शिकलीस सिव्हिल, नोकरी करतेस सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हीतलं काहीतरी सांग, पण झोप येईल असं नको." पहिल्या अटीचं मी बघते. दुसरीची हमी जेवणाआधी बोलायला मिळालं म्हणून थोडीफार देता येते.

माझी पदवी सिव्हिलची. गेली वीसेक वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते. पण बांधकाम काही सुटलं नाही, कारण आमची टीम जुन्या पुलांच्या आणि इमारतींच्या मजबुतीकरणाचं गणित करणारं सॉफ्टवेअर बनवते. त्यातला माझ्या वाट्याला आलेला भाग म्हणजे पोलादाचे तंतू घातलेलं काँक्रीट. आज त्याच्यावर बोलण्याचं कारण मात्र नोकरी नाही, आपला व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. शाळेला काय द्यायचं यावर गेले दोन महिने चर्चा चालली आहे. कुणी म्हणतं रंग, कुणी डिजिटल वर्ग, कुणी संगमरवरी नामफलक. मध्येच कुणीतरी पहिल्या मजल्याच्या गॅलरीचे फोटो टाकले. खालचे पोपडे पडलेत, तांबूस सळया दिसताहेत. त्यावर लगेच उत्तर आलं, "हल्ली तंतूवालं काँक्रीट मिळतं, ते मारून घेऊ, विषय संपला."

हा विषय इतक्या लवकर संपत नाही. तंतूंचं काँक्रीट खरोखर चांगलं औषध आहे, पण कुठल्या दुखण्यावर, कुठे आणि किती, हे कळल्याशिवाय ते लावू नये. आपला पैसा तिथे जाणार आहे, आणि त्या गॅलरीत मधल्या सुट्टीत मुलं उभी राहणार आहेत.

आधी काँक्रीटचा स्वभाव समजून घेऊ. काँक्रीट दाबाला भक्कम आणि ताणाला लेचंपेचं. आपली इमारत १९६८ ची. त्या काळी सर्रास १:२:४ चं काँक्रीट वापरत. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी. आजच्या भाषेत ते एम-१५ च्या आसपासचं. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटीमीटर जागेवर ते सुमारे १५० किलो दाब सोसतं. तेवढ्याच जागेला धरून ओढलं, तर साधारण त्याच्या दहाव्या हिश्शातच तुटतं. आणि तुटतं तेही न सांगता, खडूसारखं. फळ्यावर लिहिताना खडू मोडायचा तेव्हा आधी वाकून दाखवायचा नाही. काँक्रीट तसंच.

म्हणून ताणाच्या बाजूला पोलादाची सळई घालतात. फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याने सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून आत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज ज्याला आपण आरसीसी म्हणतो, त्याच्या उगमात ही कुंडी आहे.

आता ताणाची बाजू कुठली? दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमवर वजन ठेवलं की तो मध्ये खाली वाकतो. वरचा भाग आकसतो, खालचा ताणला जातो. म्हणून वर्गावरच्या बीममध्ये मुख्य सळया खाली असतात. गॅलरीचं उलट आहे. ती एका बाजूने भिंतीत घट्ट धरलेली आणि दुसरीकडे मोकळी. मोकळं टोक खाली झुकतं तेव्हा ताण वर येतो. टेबलाच्या कडेबाहेर फूटपट्टी काढून धरा आणि टोक दाबा, वरची बाजू लांबताना दिसेल. म्हणजे गॅलरीला पेलून धरणाऱ्या सळया वर असतात, लाद्यांच्या खाली, जिथे आपण चालतो. ग्रुपवरच्या फोटोत दिसणाऱ्या तांबूस सळया खालच्या आहेत. त्या गंजल्या हे वाईटच. पण ज्यांच्यावर गॅलरीचा जीव आहे त्या वरच्या सळया कुणाच्याही फोटोत आलेल्या नाहीत. लाद्यांच्या सांध्यातून साठ-सत्तर इंच नव्हे, तर कोकणातला शंभराहून जास्त इंचांचा पाऊस अठ्ठावन्न वर्षं ज्या थरात मुरला, त्या थराखाली त्या आहेत. मला काळजी त्यांची वाटते.

गंजाचं गणितही ऐका. ताज्या काँक्रीटमध्ये अल्कली भरपूर असते, त्यामुळे सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ही अल्कली संपवतो. दुसरा शत्रू म्हणजे मीठ. आपली शाळा खाडीपासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड आत पोचले, की अल्कली शाबूत असली तरी तो संरक्षक थर ठिकठिकाणी भेदला जातो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. आतून फुगणारा हा गंज काँक्रीटला बाहेर ढकलतो आणि पोपडे पडतात. आज आपलं आयएस ४५६ हे मानक समुद्राजवळच्या बांधकामाला सळईवर किमान ४५ मिलिमीटर आवरण मागतं. जुन्या इमारतींत कित्येकदा त्याच्या निम्मंही सापडत नाही.

आता तंतूंकडे येते. कल्पना नवी नाही. आपल्या आज्यांनी मातीच्या भिंती लिंपताना चिखलात भाताचं तूस नाहीतर गवत कालवलं, ते कशासाठी? माती वाळताना तडकू नये, तडकली तरी ढासळू नये यासाठी. काँक्रीटमध्ये पोलादाचे तंतू घालण्याचा शास्त्रीय पाया अमेरिकेत जेम्स रोमुआल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३-६४ च्या सुमारास घातला. आज मिळणारे तंतू साधारण ३० ते ६० मिलिमीटर लांब आणि अर्धा ते एक मिलिमीटर जाड असतात. बहुतेकांची टोकं हुकासारखी वाकवलेली असतात. एका घनमीटर काँक्रीटमध्ये ते २० ते ६० किलो घालतात. आकडा लहान वाटतो, पण मोजून बघा. ३५ मिलिमीटर लांब आणि ०.५५ मिलिमीटर जाड तंतू एका किलोत सुमारे पंधरा हजार बसतात. घनमीटरला ३० किलो घातले, तर साडेचार लाख तंतू झाले.

हे साडेचार लाख तंतू करतात काय? पहिली चीर पडेपर्यंत जवळजवळ काहीच नाही. काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद त्यांनी फारशी वाढत नाही, पहिला तडाही फार उशिरा येत नाही. त्यांचं काम तडा गेल्यावर सुरू होतं. चीर उघडू लागली, की तिच्या दोन काठांना धरून ठेवणारे तंतू आडवे येतात. चीर रुंदावायची तर प्रत्येक तंतू त्याच्या जागेवरून उपसावा लागतो. हुक सरळ व्हावा लागतो, घर्षण सोसत तो बाहेर यावा लागतो. चांगल्या मिश्रणात तंतू तुटत नाहीत, उपसले जातात, आणि त्या उपसण्यातच सगळी मजा आहे. त्यात शक्ती खर्च होते. एक मोठी भेग पडण्याऐवजी अनेक बारीक चिरा पडतात, बीम वाकतो, आवाज करतो, इशारा देतो.

माझ्या धंद्यात आम्ही सर्व्हर बंद पडणारच हे धरून चालतो. प्रश्न एवढाच असतो की तो पडताना सगळ्यांना घेऊन पडतो, की थोडा वेळ तग धरून इतरांना काम उरकू देतो. इमारतीचंही तसंच आहे. साध्या काँक्रीटचा तुकडा वेळ देत नाही. तंतूंचं काँक्रीट वेळ देतं. साठ मुलांचा वर्ग जिना उतरून मैदानात पोचायला लागणारा वेळ हीच शाळेच्या बाबतीत मजबुतीची खरी व्याख्या आहे.

असं काँक्रीट जगभर वापरात आहे. लंडनच्या क्रॉसरेल बोगद्यांच्या अस्तराचे तुकडे पोलादी तंतूंचे आहेत. कारखान्यांच्या फरशा, विमानतळांचे रस्ते, बोगद्यात फवारलं जाणारं काँक्रीट ही त्याची नेहमीची कामं. आपल्या रस्त्यावरच्या मॅनहोलची झाकणंसुद्धा कित्येक ठिकाणी याचीच असतात. अमेरिकेच्या एसीआय ३१८ या मानकाने २००८ पासून ठरावीक मर्यादेतल्या बीममध्ये किमान रिंगांच्या ऐवजी तंतू चालतील असं म्हटलं. त्याला घनमीटरला सुमारे ६० किलोंची अट घातली. मुख्य सळयांच्या ऐवजी मात्र चालतील असं म्हटलं नाही. हा फरक लक्षात ठेवा. तंतू दाही दिशांना विखुरलेले असतात, आपल्याला हव्या त्या दिशेला त्यातले थोडेच. सळई मात्र नेमकी हवी तिथे, हवी तशी बसते. त्यामुळे तंतू हे रिंगांचे आणि सळयांचे जोडीदार आहेत, बदली कामगार नाहीत.

मग जुन्या बांधकामाला ते कसे उपयोगी पडतात? दोन रीती सांगते.

पहिली रीत जॅकेटची. दुबळ्या कॉलमला किंवा बीमला बाहेरून नव्या काँक्रीटचा अंगरखा घालायचा. साध्या काँक्रीटचा अंगरखा जाड होतो, कारण त्यात नव्या सळया, रिंगा, त्यांच्यावरचं आवरण आणि खडी हे सगळं मावायला प्रत्येक बाजूला १०० मिलिमीटरच्या आसपास जागा लागते. वर्ग लहान होतो, वजन वाढतं, ते वजन शेवटी पायावर येतं. उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्ये बारीक तंतू घातले, तर अंगरखा ३० ते ४० मिलिमीटरचा पुरतो. इटलीतल्या संशोधकांनी खऱ्या मापाच्या बीमवर ४० मिलिमीटरचं असं जॅकेट चढवून चाचण्या केल्या आणि त्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या बीमची ताकद वाढलीच, आधी मुद्दाम तडकवलेल्या बीमलाही ती परत मिळाली.

दुसरी रीत वरच्या थराची, आणि ती आपल्या गॅलरीच्या जवळची आहे. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठाने शियोंचे जोडपूल जातात. १९६० च्या दशकाच्या शेवटी बांधलेले, सुमारे २.१ किलोमीटर लांबीचे. त्यांच्या काँक्रीटमध्ये खडी आणि अल्कली यांची रासायनिक प्रक्रिया सुरू झाल्याचं आढळलं. ती प्रक्रिया काँक्रीटला आतून फुगवते आणि दुबळं करते. २०१४ आणि २०१५ मध्ये त्या पुलांच्या माथ्यावर अवघा ४० मिलिमीटरचा थर घातला. तो पोलादी तंतूंनी गच्च भरलेल्या अतिउच्च ताकदीच्या काँक्रीटचा होता. अशा काँक्रीटमध्ये आकारमानाने तीन टक्क्यांच्या आसपास तंतू असतात, म्हणजे घनमीटरला दोनशे किलोंच्या वर. त्या थराने दोन कामं केली. पुलाच्या वरच्या बाजूचा ताण घेतला आणि पाणी अडवलं. तिथेही तंतूंच्या जोडीला त्या थरात सळया घातल्याच होत्या.

आपल्या गॅलरीला नेमक्या याच दोन गोष्टी हव्यात. वर ताण घेणारं काहीतरी आणि पाणी अडवणारं काहीतरी. पण ४० मिलिमीटरच्या थराचं वजन चौरस मीटरला सुमारे १०० किलो होतं. मोकळ्या टोकाच्या, आधीच थकलेल्या गॅलरीवर ते आणून टाकलं, तर औषधानेच रोगी दगावायचा. त्यामुळे आधी लाद्या आणि त्यांच्याखालचा भराव काढून टाकायला हवा. तेवढ्याच जाडीचा भराव निघाला, तर वजनाची जवळजवळ फिटंफाट होते. पुन्हा वर लाद्या बसवायच्या नाहीत, हा थरच फरशी. आणि खालून गिलावा करून गॅलरी गुळगुळीत केली, रंग मारला, तर दिसायला छान होईल, ताकद मात्र काडीची वाढणार नाही.

आणखी एक धोका सांगते. काँक्रीटमध्ये मीठ मुरलेलं असेल आणि आपण सैल तुकडे काढून तेवढ्याच जागी नवं ठिगळ लावलं, तर ठिगळाच्या कडेला, जुन्या खारट काँक्रीटमध्ये, गंज अधिक जोमाने सुरू होतो. दोन-तीन पावसाळ्यांत ठिगळाशेजारी नवे पोपडे. म्हणून खराब काँक्रीट सळईच्या मागपर्यंत छिन्नीने काढून, सळई घासून, जिथे ती फार झिजली आहे तिथे नवी जोडून, मगच वरचं काम. तंतू गंज थांबवत नाहीत. आजार आत ठेवून वरून चढवलेलं जॅकेट म्हणजे तापात घातलेला कोट.

तर मग आधी तपासणी. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. आपण सक्तीची वाट कशाला बघायची? त्यातल्या दोन चाचण्या ऐकून विज्ञानाच्या बाईंना आनंद होईल. काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. अल्कली शाबूत असेल तिथे गुलाबी रंग येतो, संपली असेल तिथे काहीच नाही. गुलाबी रेषा सळईच्या आत गेली असेल तर सळईचं कवच गेलं. आणि मीठ शोधायला तेच आपलं सिल्व्हर नायट्रेट, परीक्षानळीत पांढरा साका. प्रात्यक्षिकाच्या वहीत आपण सगळ्यांनी हे लिहिलं आहे. काहींनी शेजाऱ्याच्या वहीतून लिहिलं असेल, पण लिहिलं आहे. याशिवाय ध्वनिलहरींनी आतली पोकळी बघतात, आवरण मोजतात आणि गॅलरीच्या मुळाशी एक-दोन ठिकाणी लादी काढून वरच्या सळया प्रत्यक्ष उघडून बघतात. आपल्या बाबतीत हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

काम सुरू झालं तर आपल्यापैकी गावात राहणाऱ्यांनी तीन गोष्टींवर नजर ठेवावी. एक, जुना पृष्ठभाग. तो खडबडीत करून, धुऊन, ओलसर केलेला हवा, पण पाणी साचलेलं नको. नवं आणि जुनं काँक्रीट एकजीव झालं नाही, तर वरचा थर नुसता ओझं बनून बसतो. दोन, तंतूंचं मिसळणं. ते एकदम ओतले तर त्यांचे गोळे होतात. गोळा झाला की तिथे पोकळी आणि दुसरीकडे तंतूच नाहीत. मिश्रण घट्ट वाटलं म्हणून कुणी घमेलंभर पाणी ओतू लागला तर त्याला थांबवा, त्यासाठी वेगळं रसायन असतं. तीन, प्रमाण. ही तपासणी कुणालाही जमेल. ओल्या मिश्रणाची दहा लिटरची बादली घ्या, पाण्याने धुवा, चुंबकाने तंतू गोळा करा आणि किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करा. घनमीटरला ४० किलो ठरलं असेल तर बादलीत ४०० ग्रॅमच्या आसपास मिळायला हवेत. वेगवेगळ्या तीन बादल्यांत फार फरक निघाला, तर मिसळणं बिघडलं आहे. आणि घातलेला थर निदान आठवडाभर ओला ठेवा. पाणी मारायला माणूस नसेल तर आपल्या बॅचमधल्या निवृत्तीच्या गप्पा मारणाऱ्यांना लावा.

अतिउच्च ताकदीचं ते काँक्रीट तयार पिशव्यांत येतं आणि त्याला जाणकाराची देखरेख लागते. गावातल्या मिस्त्रीने नेहमीच्या मालात मूठभर तंतू टाकले म्हणजे ते होत नाही. तपासणीनंतर संरचना अभियंता कदाचित सांगेल की साधं तंतूंचं काँक्रीट आणि वर नव्या सळया एवढं पुरे. कदाचित सांगेल की ही गॅलरी वाचवण्यात अर्थ नाही, खालून नवे खांब देऊन ती नव्याने बांधा. तसं सांगितलं तर तेही ऐकायची तयारी ठेवू या. निर्णय सळया बघून व्हायला हवा, व्हॉट्सअॅपवरच्या हात वर करण्याने नव्हे.

माझा प्रस्ताव असा. आपण जमवलेल्या निधीतून पहिला खर्च तपासणीचा. मुख्याध्यापकांना विनंती, की अहवाल येईपर्यंत गॅलरीत मुलांना थांबू देऊ नये, वर्गात जाण्यायेण्यापुरताच वापर व्हावा आणि पोपडे पडतात तिथली खालची जागा दोरी लावून बंद ठेवावी. गॅलरीच्या टोकाला मनाने टेकू मात्र लावू नका. टेकूने ताण वरून खाली सरकतो आणि खाली तो घ्यायला पुरेशा सळया नसतात. टेकू कुठे, किती आणि कशावर, हे अभियंत्यालाच विचारा. दुरुस्तीचं गणित दुसऱ्यांदा तपासून द्यायचं काम माझं, विनामूल्य. रंग त्यानंतर. नामफलक सगळ्यात शेवटी, आणि माझं मत विचाराल तर नकोच. तेवढ्या पैशांत तंतूंच्या चार पिशव्या जास्त येतील.

या शाळेने आपल्याला भूमितीत एक सवय लावली. सिद्धता लिहिल्याशिवाय "म्हणून सिद्ध झाले" लिहायचं नाही. गॅलरी भक्कम आहे असं आपण सगळे इतकी वर्षं धरून चाललो, कारण ती पडली नाही. पण न पडणं ही सिद्धता नव्हे. ती तपासून, लेखी, मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवू या. येत्या पावसाळ्याआधी हे करायचं ठरलं, तर जेवणानंतर मी वही घेऊन दाराशी बसते. नाव आणि वेळ कधी देता येईल ते लिहून जा. पैसे बऱ्यापैकी जमलेत, आता माणसं हवी आहेत.